चोरीस पावसाळाभर कसे टिकतात?

मे महिन्यातील गोव्याच्या उकाड्यात डुकराचे ताजे मांस उघड्यावर ठेवले तर ते एका दिवसात नासते. त्याच मांसाचे चोरीस, म्हणजे आतड्यात भरलेले मसालेदार सॉसेज, करून त्यांच्या लालसर माळा चुलीवरच्या दांडीला टांगल्या, तर जून, जुलै आणि ऑगस्टची ओल पचवून ते खाण्याजोगे राहतात. मधल्या काळात त्या मांसाला शीतकपाट लागत नाही, डबाबंद करण्याचे यंत्रही लागत नाही. लागतात ती एक धारदार आदोळी (विळी), एक जड दगड, एक रगडा, सुती दोरा, स्वच्छ केलेली आतडी, मिठागराचे मीठ, माडाच्या सुरेचा व्हिनेगर आणि धूर. एवढ्या साध्या साधनांनी हे कसे साधते, ते एकेका पायरीने समजून घेण्यासारखे आहे, कारण या कृतीत वरवर निव्वळ रिवाज वाटणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे ठोस कारण आहे.

चोरीस हे पोर्तुगीज सॉसेजचे गोव्यातील रूप. १५१० मध्ये अफोन्सो दे आल्बुकर्क याने गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीज लोकांबरोबर ही कृती येथे आली, आणि अमेरिका खंडातून आलेली मिरचीही त्यांच्याच व्यापारातून येथे रुजली. पण कृती जशीच्या तशी राहणे शक्यच नव्हते. पोर्तुगालमध्ये डुक्कर कापायचे ते हिवाळ्यात. तेथे राखणीचे अर्धे काम थंडी करते, आणि मांस सावकाश सुकेपर्यंत जंतूंची वाढ मंदावलेलीच असते. गोव्यात ही सोय नाही. येथे मांस सुकवण्याचा हंगाम म्हणजे वर्षातील सर्वांत तापलेले दिवस, आणि टिकवायचे ते वर्षातील सर्वांत दमट महिन्यांसाठी. म्हणून द्राक्षाच्या वाइनऐवजी माडाचा आंबट व्हिनेगर आला, सौम्य लाल मिरचीपुडीऐवजी तिखट मिरची आली, आणि आद्य कृतीपेक्षा मसाला कितीतरी झणझणीत झाला. पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायच्या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’वरून, म्हणजे तरतूद या अर्थाच्या शब्दावरून आला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला भरणारी पुरुमेंताची जत्रा आजही प्रसिद्ध आहे. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, मीठ यांच्या पंक्तीत ख्रिस्ती घरांसाठी चोरिसांच्या माळांनाही जागा असते.

मांस नासते ते जंतूंमुळे, आणि जंतूंना जगायला पाणी लागते. येथे एक बारकावा समजून घ्यावा लागतो. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातील किती पाणी मोकळे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आपल्या घरातील मोरावळ्यात पाणी भरपूर असते, तरी तो वर्षभर टिकतो, कारण ते पाणी साखरेने धरून ठेवलेले असते आणि जंतूंच्या हाती लागत नाही. हेच काम करायला मीठ साखरेपेक्षा कमी लागते. मोकळ्या पाण्याचे हे मान मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ० ते १ अशी मोजपट्टी वापरतात आणि त्याला जलक्रिया म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रिया १, ताज्या मांसाची सुमारे ०.९९. रोग पसरवणारे बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत. मात्र त्यांतील एक चिवट जात, जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस, ०.८६ पर्यंत तग धरतो. बुरशी त्याहूनही कोरड्या जागी उगवते. चोरीस करणाऱ्या बाईने ही मोजपट्टी कधी पाहिलेली नसते, पण तिचे सगळे काम या आकड्याला खाली ओढण्याचेच असते. सॉसेज हा शब्दसुद्धा मुळात लॅटिनमधील ‘साल्सुस’, म्हणजे मीठ लावलेले, या शब्दातून आला आहे.

थोडे गणित केले तर मीठ आणि ऊन यांची जोडी कशी काम करते ते स्पष्ट होते. समजा ७०० ग्रॅम बिनचरबीचे मांस आणि ३०० ग्रॅम चरबी घेतली. मांसात साधारण ७५ टक्के पाणी असते आणि चरबीत सुमारे १० टक्के, म्हणजे एकूण पाणी ५५५ ग्रॅमच्या आसपास झाले. त्यात ४० ग्रॅम मीठ घातले तर त्या पाण्याचे पावणेसात टक्क्यांच्या आसपासचे मिठवणी तयार होते. एवढ्याने जंतू मंदावतात, थांबत नाहीत. आता सुकवताना २५० ग्रॅम पाणी उडून गेले असे धरू. मीठ उडत नाही, ते तेथेच राहते. उरलेल्या ३०५ ग्रॅम पाण्यात तेच ४० ग्रॅम मीठ आता साडेअकरा टक्क्यांच्या वर जाते आणि जलक्रिया ०.९२ च्या जवळ येते. मीठ एक चिमूटही न वाढवता मांस अधिक सुरक्षित झाले. (प्रत्यक्षात पहिल्या दिवशी निथळणाऱ्या पाण्याबरोबर थोडे मीठही वाहून जाते, म्हणून घरोघरी हात थोडा सढळच ठेवतात.) यातूनच एक उपयुक्त खूण मिळते. भरताना माळ तोलून ठेवावी आणि तिचे वजन निदान एक चतुर्थांश कमी होईपर्यंत ती सुकली असे मानू नये. हाताला कोरडी लागणारी माळ आतून ओली असू शकते. तराजू फसत नाही.

आता साधनांकडे वळू. पहिले साधन म्हणजे सुरी किंवा आदोळी, जिला तळकोकणात आडाळो म्हणतात. चोरिसांसाठी मांसाचा खिमा करत नाहीत, बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून लहान तुकडे करतात. यंत्र नव्हते म्हणून तसे करत, असे अनेकांना वाटते, पण तुकड्यांचा फायदा खरा आहे. निरोगी जनावराच्या मांसाचा अंतर्भाग जवळजवळ निर्जंतुक असतो. जंतू असतात ते पृष्ठभागावर. तुकडा केला तर ते बाहेरच राहतात, जेथे मीठ, आम्ल आणि धूर त्यांना आधी गाठतात. खिमा केला की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि बाहेरचे जंतू आत मिसळले जातात. दुसरी गोष्ट चरबीची. यंत्रात दाबली जाताना चरबी गरम होते, लिबलिबीत होते आणि मांसाच्या कणांवर तिचा लेप बसतो. तेलाच्या या पडद्यातून पाणी बाहेर येत नाही, मीठही नीट आत जात नाही. धारदार पात्याने कापलेल्या चरबीचे कोपरे शाबूत राहतात आणि मांसाची तोंडे उघडी राहतात. बोथट सुरीने कापले तर हाताच्या कामातही तोच दोष येतो, म्हणून आदल्या दिवशी पाते पाजवून घेणे हा कामाचाच भाग आहे.

तुकड्यांना मीठ चोळून ते पसरट भांड्यात रचतात, वर फळी ठेवतात आणि फळीवर जड दगड. रात्रभरात बरेचसे पाणी निथळून खाली येते. मीठ पेशींतील पाणी बाहेर खेचते आणि दगड ते पाणी तुकड्यांच्या फटींत साचू देत नाही, एवढेच या दगडाचे काम. ज्या घरी अंगणात पुरेसे ऊन मिळते तेथे हे तुकडे मसाला लावण्याआधी काही तास उन्हातही टाकतात, वर पातळ कापड झाकून. माशी हा येथील मोठा शत्रू आहे, कारण माशीची अंडी मांसावर पडली की पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

मसाल्यात सुकी मिरची, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी आणि हळद असते. प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे. गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोण तालुक्यात खोला गावची मिरची आहे, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती रंगाला गडद आणि तिखटाला मध्यम असल्याने असा लाल मसाला करायला उत्तम. हा मसाला रगड्यावर वाटताना पाण्याचा थेंबही घालायचा नाही, केवळ व्हिनेगर वापरायचा, हा नियम जुन्या बायका फार कडकपणे पाळतात, आणि तो अगदी रास्त आहे. आपण मांसातून रात्रभर जे बाहेर काढले तेच पाणी मसाल्याच्या वाटेने परत आत घालायचे नसते. वाटण्याची क्रिया सावकाश असल्यामुळे मसाला तापत नाही आणि लवंग-मिरीची उडून जाणारी तेले टिकतात.

व्हिनेगर हा या कृतीतील दुसरा आधारस्तंभ. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा कसबी, माडावर चढून पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, सूर काढतो. ही गोड सूर हवेतील आणि भांड्यातील किण्वामुळे (यीस्टमुळे) काही तासांत आंबू लागते आणि तिच्यातील साखरेचे मद्य होते. मग ती उघड्या तोंडाच्या मडक्यात ठेवली की दुसऱ्या जातीचे जीवाणू हवेतील ऑक्सिजन वापरून त्या मद्याचे अॅसेटिक आम्ल बनवतात. आम्ल जंतूच्या पेशीत शिरते आणि तेथील समतोल बिघडवते. ते बाहेर टाकण्यात जंतूची शक्ती खर्च होते आणि वाढायला उरत नाही. आधीच मिठाने तहानलेल्या जंतूवर आम्लाचा हा दुसरा घाव पडतो. जर्मनीतील कुल्मबाख येथील मांससंशोधक लोथार लाइस्टनर यांनी यालाच अडथळ्यांचे तत्त्व म्हटले. मीठ, आम्ल, कोरडेपणा, धूर यांपैकी कोणताही एक अडथळा एकट्याने जंतूला अडवण्याइतका उंच नसतो, पण एकामागून एक उभे केले तर जंतू दमतो. केवळ मिठाच्या जोरावर टिकवायचे तर चोरीस खारट विष झाले असते. अनेक मध्यम अडथळे असल्यामुळेच ते खाण्याजोगे राहतात. आम्लामुळेच मसाला लावलेले मांस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवत नाहीत. मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे वापरतात आणि त्यात ते दोन-तीन दिवस, रोज वरखाली करून, मुरवतात.

भरायला डुकराचे लहान आतडे लागते. ते उलटे करून आतला बुळबुळीत थर खरवडून काढतात, मग मीठ आणि व्हिनेगर लावून पुन्हा पुन्हा धुतात. शेवटी उरते ती जवळजवळ पारदर्शक, चिवट नळी, जी मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाची असते. या पडद्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि धूर आत येतो, पण मसाला गळत नाही. नरसाळ्याच्या नळीवर आतडे चढवून अंगठ्याने मांस आत लोटतात. हे काम फार सावकाश चालते. मात्र या सावकाशीत हवेचा फुगा राहिला तर तो हाताला लगेच कळतो आणि सुईने टोचून काढता येतो. आत अडकलेल्या हवेत चरबी खवट होते आणि बुरशी धरते, म्हणून ही टोचणी टाळू नये.

मग दर थोड्या अंतरावर सुती दोऱ्याने गाठ मारून मणी करतात. जपमाळेसारख्या दिसणाऱ्या या मण्यांचा आकार केवळ हौसेखातर लहान नाही. आतले पाणी पृष्ठभागापर्यंत झिरपत येण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ३ सेंटिमीटरचा मणी जेवढ्या वेळात सुकेल त्याच्या चौपट वेळ ६ सेंटिमीटरच्या मण्याला लागेल. युरोपातील थंड तळघरात जाड सॉसेज महिनोन्महिने सुकू शकते, कारण तेथे घाई नसते. गोव्याच्या उकाड्यात सुकणे आणि नासणे यांची शर्यत असते, आणि लहान मणी ती जिंकतो.

पण घाईचीही मर्यादा आहे. पहिल्याच दिवशी माळा रणरणत्या उन्हात टांगल्या तर बाहेरचा थर झपाट्याने वाळून कडक कवच होतो आणि आतले पाणी कोंडते. बाहेरून सुरेख दिसणारे असे चोरीस मधोमध आंबूस निघतात. म्हणून जाणत्या घरांत सकाळचे ऊन देतात, दुपारी सावलीत वारा देतात आणि रात्री आत घेतात. हे चार-पाच दिवस चालते, आणि मग माळा चुलीवर जातात.

चुलीवरच्या जागेचे महत्त्व मला सर्वांत विलक्षण वाटते. सुकलेला पदार्थ हवेशी देवाणघेवाण करत राहतो. हवेतील आर्द्रता ९५ टक्के असेल तर ०.९२ जलक्रियेचे चोरीस हवेतून पाणी शोषून पुन्हा ओले होतील, आणि इतक्या दिवसांच्या कष्टांवर पाणी फिरेल. जुलैमधील गोव्याच्या हवेत हा धोका रोजचा असतो. आता २६ अंश तापमानाची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा चुलीने ३६ अंशांपर्यंत तापवली असे समजा. तिच्यातील वाफ तेवढीच राहिली, पण गरम हवेची वाफ धरण्याची क्षमता वाढल्याने तिची आर्द्रता सुमारे ५१ टक्क्यांवर उतरते. म्हणजे बाहेर धुवाधार पाऊस कोसळत असताना दांडीवरच्या माळांभोवती जणू हिवाळ्यातील कोरडी दुपार असते, आणि तीही दिवसातून दोनदा, स्वयंपाकाच्या वेळी, वेगळा खर्च न करता. करवंट्या आणि सोडणे यांच्या धुरातील फिनॉल जातीची द्रव्ये पृष्ठभागावर बसून बुरशीला आणि चरबीच्या खवटपणाला रोखतात. धूर मंद हवा. भडकलेल्या जाळावर चरबी ठिबकली की तिच्यातून घातक काजळी तयार होते. गॅस आल्यावर घरातील चूल गेली, आणि तिच्याबरोबर चोरिसांची ही कोरडी जागाही गेली. आज ज्यांना घरी चोरीस करायचे आहेत त्यांनी सुकवण्यापर्यंतची कृती जुनी ठेवून साठवण शीतकपाटात करावी, हेच शहाणपणाचे आहे.

या सगळ्यात डुकराचा विचार अखेरीस करण्याची चूक बहुतेक जण करतात. गोव्याच्या गावठी डुकराच्या एका जातीला, आगोंदा गोवन हिला, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी जात म्हणून नोंदवले आहे. आगोंदाही खोलाप्रमाणे काणकोण तालुक्यातच. हे डुक्कर बहुधा काळे, आकाराने लहान, सावकाश वाढणारे. कारखानी पद्धतीने वाढवलेले लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँडरेस जातीचे डुक्कर पाच-सहा महिन्यांत कापण्याजोगे होते आणि त्याच्या अंगावर चरबी कमी असावी अशीच त्याची निवड पिढ्यान्‌पिढ्या झालेली असते. ताज्या मांसाच्या भाजीला ते चालते. चोरिसांना मात्र ते अवघड जाते. कोवळ्या, न हिंडलेल्या जनावराचे स्नायू फिकट आणि पाणीदार असतात, त्यामुळे काढायचे पाणीच अधिक असते. हिंडणाऱ्या आणि वयाने मोठ्या डुकराच्या स्नायूंत मायोग्लोबिन हे रंगद्रव्य अधिक असते, मांस गडद आणि घट्ट असते. शिवाय चरबीत पाणी मुळातच कमी असल्याने भरपूर चरबीच्या मिश्रणात सुकवण्याचे काम आपोआप हलके होते, आणि मांस सुकून आक्रसले तरी मणी दगडासारखा होत नाही.

चरबी किती यापेक्षाही ती कशी आहे हे पाहावे. गायीच्या पोटात खाद्यातील तेलाचे रूप बदलते, डुकराच्या पोटात ते फारसे बदलत नाही. डुक्कर ज्या जातीचे तेल खाते तशीच त्याची चरबी बनते. मासळीच्या टाकाऊ भागावर पोसलेल्या डुकराची चरबी मऊ आणि उग्र वासाची होते, लवकर खवटते. कापण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत खोबऱ्याची पेंड खाल्लेल्या डुकराची चरबी पांढरी, घट्ट आणि टिकाऊ होते, कारण खोबरेल तेलही थिजणारेच असते. पाठीवरची अशी घट्ट चरबी सुरीखाली स्वच्छ कापली जाते आणि उन्हात पाझरत नाही. म्हणून मसाल्याचे प्रमाण विचारण्याआधी डुक्कर कोणते आणि काय खाऊन वाढले हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे. सगळीकडे जलद वाढणारी डुकरे आली तर कृती कागदावर तशीच राहील, पण तिच्यातील पायऱ्या ज्या मांसासाठी घडल्या ते मांस राहणार नाही.

धोक्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोटुलस’ म्हणत, आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे नाव त्यावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वुर्टेमबर्गमधील वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी या ‘सॉसेजच्या विषा’चे पहिले तपशीलवार वर्णन केले, १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल गावी हॅम खाऊन वादक आजारी पडले तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जीवाणू शोधला. हा जीवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो, आणि भरलेल्या आतड्याचा मध्य तशीच जागा आहे. पाण्यातील मीठ १० टक्क्यांच्या आसपास पोहोचले किंवा जलक्रिया ०.९४ च्या खाली गेली की त्याची वाढ थांबते. म्हणजे सुकण्याचे पहिले काही दिवसच खरे जोखमीचे. त्या दिवसांत आम्लाचा अडथळा उपयोगी पडतो, आणि म्हणूनच चवीला नको म्हणून व्हिनेगर कमी करणे धोक्याचे आहे. कारखान्यांत याच कामासाठी नायट्राइट हा क्षार मोजून घालतात. घरी ते अंदाजाने घालू नये. त्याची जास्त मात्रा स्वतःच विषारी असते. दुसरा धोका फीतकृमीचा. उघड्यावर विष्ठा खाऊन वाढलेल्या डुकराच्या मांसात त्याच्या गाठी असू शकतात, म्हणून मोकळे हिंडणारे डुक्कर आणि स्वच्छ कुंपणात हिंडणारे डुक्कर यांत फरक करायला हवा. मीठ आणि धूर यांच्यावर विसंबून चोरीस कच्चे खाऊ नयेत.

शिजवण्याची जुनी पद्धत या दृष्टीने चोख आहे. मणी आतड्यातून सोडवून भांड्यात घालतात, बुडेल इतके पाणी ओततात आणि झाकण ठेवून अर्धा तास उकळू देतात. ८५ अंशांवर पाच मिनिटांत बोटुलिझमचे विष निष्प्रभ होते आणि कृमीच्या गाठी त्याआधीच मरतात. स्टॅफिलोकोकसचे विष मात्र उकळूनही जात नाही, त्यावर उपाय एकच, तो म्हणजे भरताना हात आणि भांडी स्वच्छ ठेवणे. मांस मऊ झाल्यावर त्यात भरपूर उभा चिरलेला कांदा घालतात. तेल घालत नाहीत. पाणी आटत आले की चरबी वितळून बाहेर येते, आणि मिरचीचा रंग पाण्यापेक्षा चरबीत अधिक विरघळणारा असल्यामुळे भांड्याच्या कडेने गडद लाल तवंग सुटू लागतो. तो सुटला की चोरीस तयार झाले असे समजावे आणि पोई, म्हणजे गोव्याचा पाव, फोडून वाढायला घ्यावे.